हिराच्या मेंढरांना एक चांदणी

ॲप टाकून घेणं लई सोपं असतं हो. मेळावा ठेवा, मांडव घाला, पानात गुलाबजाम वाढा, डोक्यावर कंपनीची टोपी घाला आणि त्या नादात माणसाचा मोबाइल हातात घेऊन ॲप टाकून द्या. जुन्नर-आंबेगावातला शेतकरी पाव्हण्याला नाही म्हणत नाही. तो ॲप टाकून घेतो, दोन गुलाबजाम जास्तीचे खातो, टोपी घेतो, आणि घरी गेल्या गेल्या सुनेला सांगतो, "हे काढ गं, मोबाइल जड झालाय."

भूमिरेखा खत कंपनीत नोकरीला असलेल्या अश्विनीला हे कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या घरातच ते झालं होतं. पिंपळवंडीच्या तिच्या वडिलांनी, भिमाजींनी, पोरीची कंपनी म्हणून ॲप कौतुकानं घेतलं आणि आठवड्याच्या आत काढून टाकलं. तिनं जाब विचारला तर म्हणाले, "त्यात बघायचं काय गं? रोज उठून तुमच्या गोणीचा फोटू. गोणी माज्या घरात हाय की."

आता यावर काय बोलणार? अश्विनीची नोकरी ॲप टाकण्याची नव्हती, ते लोकांच्या मोबाइलात टिकवण्याची होती. ओतूरच्या ऑफिसात बसायचं, शेतकऱ्यांनी ॲपवर विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि महिनाअखेरीला पुण्याच्या आदेश सरांना सांगायचं, कोणत्या गावातली किती माणसं परत परत ॲप उघडतात ते. आदेश सर माणूस वाईट नव्हता. उन्हातान्हात गावोगाव फिरायचा, कुणाच्याही घरचा चहा प्यायचा, आवाज चढवायचा नाही. फक्त त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असायचं, आणि कारण सापडलं रे सापडलं की तो त्याचं ॲपमध्ये एक बटण करून टाकायचा.

बाकी गावांचं रडगाणं एकच होतं. टोपी घेतली, ॲप काढलं. पण आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळची तऱ्हा निराळी होती. तिथली माणसं सकाळी चहाबरोबर ॲप उघडायची. म्हातारी माणसंसुद्धा. आणि गंमत अशी की त्या गावात भूमिरेखाच्या गोण्या काही फार खपत नव्हत्या.

अश्विनीला त्याचं कारण माहीत होतं आणि ते तिनं पोटात ठेवलं होतं. एकदा पाडव्याच्या सुमारास ॲपवरच्या गप्पांच्या पानावर एका बाईचा आवाज आला होता. "राम राम मंडळी. आमी हिरा अन् दत्ता. आमचा वाडा कळंबच्या पुलापाशी उतरलाय. कुणाला मेंढरं बसवायचीत का?"

कांदा निघाला की वावर मोकळं होतं. मोकळ्या वावरात धनगरांची मेंढरं काही रात्री बसवायची. लेंड्यांचं खत वावराला मिळतं, राहिलेली पात मेंढरांना मिळते, धनगराला धान्य आणि वर थोडे पैसे मिळतात. ही रीत ॲपच्या आधीची, कंपनीच्या आधीची, युरियाच्याही आधीची. तर खताच्या कंपनीच्या ॲपवर लेंडीखताची हाळी! नियमानं तो निरोप तिथल्या तिथं पुसायला हवा होता. अश्विनी आधी हसली, मग पुसायला गेली, तर खाली महाळुंग्याच्या साळुबाईचा आवाज येऊन बसलेला. "हिरे, आधी माज्याकडं ये गं. मागनं दुसऱ्याकडं." त्याच्याखाली गेणभाऊचा. त्याच्याखाली उज्ज्वलाचा. अश्विनीनं हात मागं घेतला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात हिराचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट तिचं बिऱ्हाड, कुठं उतरलाय, हे महाळुंग्याला खताच्या ॲपवर कळायचं.

पण आदेश सरांपासून काही लपून राहतं होय? या वर्षी ते ओतूरला आले, कानात इयरफोन घालून गप्पांच्या पानावरचे सगळे आवाज एकामागून एक ऐकत बसले. आता नोकरी जाते असं अश्विनी धरून चालली होती. सरांनी इयरफोन काढले आणि टेबलावर थाप मारली.

"अगं, हे सोनं आहे! आपण गोण्यांचे फोटो दाखवत बसलो आणि लोक टिकलेत मेंढरांवर!"

"पण सर, आपण खत विकतो."

"आधी माणसं ॲपवर राहू दे. खताचं मागून बघू."

आणि महिन्याच्या आत बटण आलं. त्याचं नाव 'मेंढवाडा'. प्रत्येक वाड्याचं नाव, मेंढरांचा फोटो, वाडा कुठं उतरलाय ते, आणि मेंढरं बसवून झाली की शेतकऱ्यानं द्यायच्या चांदण्या. एक ते पाच. ज्याला चांदण्या जास्त त्याचं नाव वर. ज्याला अगदीच कमी, त्याचं नाव दिसायचंच बंद. "वाईट काम करणारा कशाला दाखवायचा?" असं सरांचं म्हणणं होतं, आणि ऐकायला ते बरोबरच वाटत होतं. जुनं गप्पांचं पान बंद झालं. दोन-दोन ठिकाणं कशाला, नाही का?

हंगाम जोरात सुरू झाला. हिरा-दत्ताचा वाडा महाळुंग्यातच होता, चार-पाच वावरं बसून झाली, आणि कांदे निघायचे राहिलेल्या वावरांना अजून वेळ होता म्हणून ते तात्पुरते पिंपळवंडीकडं कालव्याच्या कडेला सरकले. बटणामुळं नवे वाडेही आले. त्यात एक राघू. राघूची मेंढरं खरजुली, आणि राघू स्वतः झाडाखाली मोबाइलात तोंड घालून बसायचा. तोवर मेंढरं शेजाऱ्याच्या वांग्यात. त्याच्या नावानं बांधाबांधावर शिव्या ऐकू यायच्या.

असं सगळं चाललेलं असताना एका सकाळी हिराचा फोन आला.

"ताई, आमी दिसत न्हाई."

"म्हणजे?"

"मोबाइलात वो. राघूचा वाडा दिसतो, बाकीच्यांचे दिसत्यात. आमचा दिसंना. अन् कुणाचा फोन बी न्हाई. हितं पिंपळवंडीत सगळा ऊस, मोकळं वावर कुठलं? मेंढरं उपाशी निजत्यात."

अश्विनीनं ऑफिसातलं मशीन उघडलं आणि बघतच राहिली. हिराच्या वाड्याला साळुबाईची एक चांदणी. गेणभाऊची एक. उज्ज्वलाची एक. सावळेरामची एक. ज्यानं ज्यानं मेंढरं बसवली त्या सगळ्यांची एकेक. आणि राघूला? राघूला पाच! भरभरून पाच! एकानंही हात आखडता घेतला नव्हता.

तिनं पुण्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, मशीन ठीक आहे, लोकांनी दाबलंय तेच दिसतंय, आणि नियमानं हिराचं नाव झाकलं गेलंय.

हिरा अजून दुसऱ्या फोनवर थांबलेली. "सांगा ना ताई. काय झालंय?"

अश्विनीनं टाळाटाळ करून पाहिली, पण तिला खोटं बोलता येईना. तिनं सांगितलं.

"साळुमावशीनं बी?"

"हो."

"माजी थोरली झाली तवा साळुमावशी डिंकाचे लाडू घेऊन वाड्यावर आली व्हती." हिराचा आवाज बसला होता. "काय चुकलं असंल तर तोंडावर सांगायचं. चार शिव्या द्यायच्या. अशी चारचौघांत अब्रू घ्यायची व्हय? ऱ्हाऊ द्या ताई. उद्या उजाडता आमी वाडा उचलतो, नगरकडं जातो. महाळुंग्यात परत पाय ठेवायची न्हाई मी."

फोन ठेवला तिनं. अश्विनीला वाईट वाटलं, आणि रागही आला. राग महाळुंग्याचा. माणसं तोंडावर इतकी गोड आणि मोबाइलात अशी? तिनं ऑफिसला कुलूप घातलं, स्कूटी काढली आणि भर उन्हात निघाली. आज साळुबाईला जाब विचारायचाच, असं ठरवून.

महाळुंग्यात कांदे बराखीत, म्हणजे साठवायच्या चाळीत, भरून झाले होते. साळुबाई बराखीच्या सावलीला सडका कांदा निवडत बसलेली. गळ्यात दोरीनं मोबाइलची पिशवी. अश्विनीला बघून तीच आधी कडाडली.

"बरं झालं आलीस! तुजं ॲप बिघाडलंय. हिरीचा वाडा गेला कुठं? रोज उठून बघती, तर त्या राघ्याचं थोबाड दिसतं. दुसरं वावर मोकळं पडलंय माजं, कांदा मागनं निघाला त्ये. समद्या आळीची वावरं पडल्यात. हिरी रुसली का काय आमच्यावर?"

अश्विनी गोंधळली. जाब विचारायला आलेली ती, आणि जाब तिलाच.

"आजी, तुम्हाला हिराचाच वाडा पाहिजे?"

"मंग काय राघ्याचा? माजी वांगी खाल्ली त्याच्या मेंढरांनी!"

"मग हिराचं गेल्या खेपेला काय चुकलं होतं?"

"चुकलं?" साळुबाईनं इकडंतिकडं पाहिलं, कुणी नाही अशी खात्री केली आणि आवाज एकदम खाली आणला. "अगं, लई गुणाची मेंढरं हायती ती. पर असं बोलायचं नसतं."

"मग तिला एकच चांदणी का दिलीत?"

साळुबाईच्या तोंडावर हसू आलं. आपल्या हुशारीबद्दल अखेर कुणीतरी विचारलं याचं समाधान होतं ते. हातातला कांदा बाजूला ठेवून ती सरसावून बसली.

"ह्ये बघ. त्या मोबाइलात कोण कोण बघतंय? तुजं पुणं बघतंय, ओतूर बघतंय, बिनओळखीचं समदं जग बघतंय. तिथं पाच चांदण्या भरून मांडल्या की काय हुईल? दिष्ट लागंल का न्हाई? जित्राब हाय बाई त्ये, दगूड न्हाई. तान्ह्या पोराला तीट लावल्याबिगर कुनी भायेर काढतं का? मागल्या साली त्या वरच्या आळीच्या म्हशीचं दूध कुनीतरी लई लई म्हणलं, तिसऱ्या दिशी म्हस आटली. म्हनून म्या एकच दाबली. गेणभाऊ पाच दाबाया निघाला व्हता, त्याला म्या हटकला. म्हणलं, येड्या, पोरीचा संसार हाय त्यो, आवर हात. मंग समद्या आळीत फिरून सांगितलं, हिरीला एकच दाबा."

"आणि राघूला पाच?"

"त्याच्या खरजुल्या मेंढरांना कोण दिष्ट लावतंय? पाच देऊ न्हाईतर पाटीभर देऊ. आपलं काय जातंय!"

अश्विनीला हसू फुटलं. पोट धरधरून हसली ती. साळुबाईही हसायला लागली. मग अश्विनीला फोनवरचा तो बसलेला आवाज आठवला आणि तिचं हसू विरलं.

"आजी," ती म्हणाली, "तिथं एक म्हणजे वाईट. पाच म्हणजे चांगलं. सगळ्यांच्या एकेक बघून ॲपनं हिराचं नाव झाकून टाकलंय. म्हणून ती तुम्हाला दिसत नाही. मेंढरं उपाशी आहेत तिची. आणि तिला कळलंय, एकेक कुणी कुणी दिली ते. मीच सांगितलं."

साळुबाईचा हात तोंडावर गेला.

"अगं बया! माजंबी सांगितलंस?"

"तिनं विचारलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, साळुमावशीनं बी?"

साळुबाईनं पदराचा बोळा तोंडाला लावला. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, ते तिनं पुसलंही नाही. "पोटच्या पोरीवानी हाय गं ती," एवढंच एकदा म्हणाली.

अश्विनीनं आदेश सरांना फोन लावला. दिलेल्या चांदण्या बदलता येतील का? सर म्हणाले, दिलेलं मत बदलता येत नाही, तसं केलं तर कुणाचा विश्वास राहील? नव्यानं मेंढरं बसली की नव्यानं चांदण्या देता येतील. "पण सर, नाव दिसत नाही तर नव्यानं बसणार कशी?" सर म्हणाले, "हं. यात मुद्दा आहे. पुढच्या महिन्यात बघू."

पुढच्या महिन्यात! उद्या उजाडता वाडा हलणार, आणि हे पुढच्या महिन्यात बघणार! तिनं हिराला फोन लावला. हिरानं उचलला नाही. दत्ताला लावला, त्यानंही नाही. हे साळुबाईला सांगितलं तशी ती कंबरेवर हात देऊन उठली.

"मंग बसलीस काय? काढ ती गाडी."

ती घरात गेली आणि कसलीशी पुडी कनवटीला खोचत बाहेर आली. महाळुंग्यापासून पिंपळवंडीपर्यंत साळुबाईनं अश्विनीच्या कमरेला अशी मिठी मारली होती की अश्विनीला श्वास घेता येईना. हायवेवरच्या प्रत्येक ट्रकला तिनं शिवी हासडली, आणि वाटेतल्या प्रत्येक देवळाला गाडीवरूनच हात जोडले. हात जोडताना मिठी सुटायची, तेवढाच अश्विनीला दम.

कालव्याच्या कडेला हिराचा वाडा आवरायला लागला होता. भांडी पोत्यात भरलेली, कोंबड्या डालग्यात कोंडलेल्या, तिचा नवरा दत्ता मेंढरं कोंडायची जाळी गुंडाळत होता. तीन दगडांची चूल मात्र अजून पेटलेली. स्कूटीवरून उतरणारी साळुबाई बघून हिरानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"या," एवढंच म्हणाली आणि परत पोत्याचं तोंड बांधायला लागली. पाणी विचारलं नाही. धनगराच्या वाड्यावर उन्हातून आलेल्या माणसाला पाणी विचारलं नाही, याचा अर्थ अश्विनीलाही कळला आणि साळुबाईलाही.

साळुबाई ती साळुबाईच. चुकली तरी सुरुवात भांडणानंच करणार. "मोबाइलात नाव दिसंना म्हनून गाव सोडतीस व्हय गं?"

"नाव दिसंना म्हनून न्हाई," हिरा मान वर न करता म्हणाली. "तुमी एक दिलीत म्हनून."

मग साळुबाईनं सगळं सांगितलं. दिष्ट, वरच्या आळीची म्हैस, गेणभाऊला कसं हटकलं, सगळं. मध्ये मध्ये अश्विनीकडं बघून "सांग की गं तू बी" म्हणत होती. राघूच्या पाच चांदण्यांपाशी आली तेव्हा दत्ताला हसू आवरेना, जाळी हातातून सुटली त्याच्या. हिरा हसली नाही.

"आसंल," ती म्हणाली. "दिष्टीपायी केलं आसंल. पर मावशी, इतकी वर्सं तुमच्या वावरात येतो. कदी एकदा तरी म्हणलात का, हिरे, तुजी मेंढरं चांगली हायती म्हनून? तोंडावर कदी न्हाई. अन् मोबाइलात एक चांदणी. मंग आमी काय समजायचं?"

तोंडावर तर मुळीच म्हणायचं नसतं, हेच तर साळुबाई आयुष्यभर शिकत आणि शिकवत आलेली. ती उभी राहिली. मेंढरांकडं बघितलं, हिराकडं बघितलं. मग एकाएकी मोठ्यानं बोलायला लागली. इतक्या मोठ्यानं की कालव्यापलीकडच्या उसातला माणूस खुरपं थांबवून बघायला लागला.

"हिरे, तुज्या मेंढरांसारकी मेंढरं ह्या दोन तालुक्यांत न्हाईत! आईक. तुजी मेंढरं बसली त्या वर्सी माजा कांदा असा गोळीबंद आला की बाजारात मानसं इचारायची, कुनाचा म्हनून. तुजं एक मेंढरू दुसऱ्याच्या बांधाला तोंड लावत न्हाई. तू रोज जाळी सरकवून वावराचा कोपरा न् कोपरा खतवितीस, एक टिचभर जागा कोरी सोडत न्हाईस. अन् दुसरं सांगू? माजा ल्योक भरत पुण्याला गेल्यापासनं माज्या वावरात मानसं दिसत्यात ती तुमी आल्यावरच. तुजी चूल पेटली की मला बरं वाटतं. ते खताचं ॲप मी खतासाठी उघडत न्हाई गं. हिरी कुठवर आली ते बघाया उघडती. पाडव्यापासनं रोज. चष्मा लावून."

हिराच्या हातातली सुतळी तशीच राहिली.

आणि बोलून झाल्या झाल्या साळुबाई घाबरली. एवढं सगळं उघड्यावर बोलून बसलो, आता काय करायचं! "थू थू थू" करत तिनं कनवटीची पुडी सोडली. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या. ती तयारीनंच आली होती. सगळ्या मेंढरांभोवती फिरायचं म्हणजे संध्याकाळ झाली असती, म्हणून कळपापुढं चालणाऱ्या थोरल्या मेंढ्यावरून तिनं मूठ उतरवली, मग हिरावरून, मग दत्तावरून. "आल्याची, गेल्याची, वाटंवरल्या वाटसराची, पाप्याची, चांडाळाची, अन् मोबाइलात बघनाऱ्याची," असं पुटपुटत तिनं सगळं चुलीत टाकलं.

मिरच्यांचा असा ठसका उठला की विचारू नका. अश्विनी खोकली, दत्ता खोकला, मेंढरं शिंकली, डालग्यातल्या कोंबड्या ओरडल्या. दृष्ट लागलेली असली तर ठसका येत नाही म्हणतात. इथं तर सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा.

"दिष्ट नव्हतीच," साळुबाई खोकत खोकत म्हणाली.

"मंग काय व्हतं मावशी?" हिरानंही खोकतच विचारलं.

"माजं मेलीचं शानपण!"

हिरा हसली. हसता हसता रडली, आणि रडते आहे हे लपवायची तिनं तसदी घेतली नाही. मग पदरानं तोंड पुसलं, पोत्याचं बांधलेलं तोंड सोडलं, आतून तांब्या काढला आणि भरून साळुबाईच्या हातात दिला.

"बसा. पाणी घ्या आधी. मंग च्या टाकते."

दुसऱ्या दिवशी उजाडता वाडा उचलला, पण नगरकडं नाही. हायवेच्या कडेकडेनं महाळुंग्याकडं. साळुबाईच्या वावरात मेंढरं बसली, मग गेणभाऊच्या, मग उज्ज्वलाच्या. साळुबाईचं वावर झालं त्या दिवशी अश्विनी मुद्दाम गेली होती. म्हातारीला चांदण्या दाबताना बघायचं होतं तिला. मेंढरं बसल्याची नोंद तिनं ऑफिसातून करून ठेवली होती, तसं मोबाइलनं विचारलं, मेंढरं कशी बसली? साळुबाईनं चष्मा लावला. "पाचवी कुठली गं, ही कडंची ना?" असं म्हणत बोट उचललं, तर हिरानं तिचा हात धरला.

"मावशी, पाच नगा."

"आता गं? आता काय झालं?"

"चार दाबा." हिरानं आपल्या मेंढरांकडं एकदा बघितलं. "एक ऱ्हाऊ द्या, तीट म्हनून."

साळुबाईनं चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "तुला बी कळतंय की गं," ती म्हणाली आणि चौथी चांदणी दाबली. मग उठली आणि सगळ्या आळीला सांगून आली, हिरीला चार, ध्यानात ठेवा, पाचवीला हात लावायचा न्हाई.

हिराचं नाव ॲपवर परत आलं. महिनाअखेरीला आदेश सर ओतूरला आले ते खुशीतच. महाळुंग्याएवढी माणसं कुठल्याच गावातून ॲपवर परत परत येत नव्हती. पण चेहऱ्यावर एक आठी होती.

"अश्विनी, या हिराच्या वाड्याला सगळ्यांच्या चार चांदण्या. एकजात चार. आणि त्या राघूला पाच! माझ्या डोक्यात काही शिरत नाही. पाचवी मिळवायला तिला काय कमी पडतंय? शोधून काढ."

"काही कमी नाही सर," अश्विनी म्हणाली. "पाचवी तीट म्हणून ठेवलीय. ज्या दिवशी महाळुंगं हिराला पाच देईल, त्या दिवशी समजा, ती त्यांना राघूसारखी झाली."

मग तिनं सरांना सगळं सांगितलं, अगदी चुलीतल्या मिरच्यांपर्यंत. सर ऐकत राहिले. शेवटी त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"थांब, हे भारी आहे. लिहून घेतो."

"नका लिहू सर."

"का गं?"

"लिहिलंत की तुम्ही तीट लावायचं बटण करून टाकाल."

सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग पेनाकडं पाहिलं. पेन परत खिशात ठेवलं आणि दोघांसाठी चहा सांगितला.